क्रिओल मसाला चोळून धुरावरचं पोर्क: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यात, बॅटन रूजला आलो त्या वर्षी पहिल्यांदा पोर्क धुरावर लावलं, तेव्हा सावंतवाडीच्या घरी मटणाला मसाला लावतात तसाच हात चालवला. आधी मूठभर मीठ, त्यावर दुकानातून आणलेला तिथला तयार क्रिओल मसाला, अर्धी डबी. रंग इतका सुरेख आला की फोटो काढून आईला पाठवला. बारा तासांनी मांस काट्याने सुटत होतं आणि धुराचा वास शेजारपाजारी पोचला होता. पहिला घास घेऊन एका पाहुण्याने निमूटपणे पाण्याचा ग्लास पुढे ओढला. बाकीच्यांनी पावच जास्त खाल्ला. मुलगा तेवढा खरं बोलला, "बाबा, समुद्रात पडलं होतं का?"

दुसऱ्या दिवशी डबी उलटी करून वाचली. अमेरिकेत पाकिटावरचे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, आणि यादीत पहिलं नाव होतं मीठ. मिरची, लसूण, मिरी वगैरे मंडळी त्याच्या मागे. म्हणजे मी मिठावर मीठ चोळलं होतं. आपल्याकडे मसाल्याच्या बरणीत मीठ नसतं, ते वेगळं पडतं, म्हणून हाताला तशीच सवय. क्रिओल मसाला मात्र मिठासारखा मोजून वापरावा लागतो, आणि पुढचं सगळं त्या हिशेबानेच लिहिलं आहे.

डबीत काय असतं

मीठ, पॅप्रिका, केयेन मिरची, लसूण आणि कांद्याची पावडर, काळी मिरी, बऱ्याचदा पांढरी मिरी, वाळवलेला थाइम आणि ओरेगॅनो. यातलं काहीच भाजलेलं नसतं. आपण खोबरं, धणे, मिरच्या भाजून दळतो आणि मग तेलात परततो. इथे सगळं कच्चंच चोळायचं आणि भाजायचं काम धुरावर सोडायचं. म्हणून डबी उघडून वास घेतला तर तो जरा कोरडा, पिठूळ वाटतो. त्यावरून मत बनवू नका.

न्यू ऑर्लिन्स १७१८ साली फ्रेंचांनी वसवलं, पुढे काही दशकं ते स्पेनच्या ताब्यात होतं, आणि तिथल्या चुलींवर राबणारे हात बहुतांशी आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचे होते. या सगळ्यांच्या मिसळणीतून झालेलं शहरी जेवण म्हणजे क्रिओल. केजन मंडळी वेगळी: आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया भागातून ब्रिटिशांनी १७५५ पासून हाकललेले फ्रेंच भाषक शेतकरी, जे लुईझियानाच्या दलदलीत आणि गवताळ भागात येऊन राहिले. डुक्कर मारून गावाने मिळून वाटून घ्यायचं, उरलेलं खारवून धुरावर टिकवायचं, ही रीत त्यांची. डब्यांवर आज 'क्रिओल' आणि 'केजन' दोन्ही शब्द दिसतात. ढोबळ फरक सांगायचा तर पहिल्यात पाल्याचा वास जास्त, दुसऱ्यात मिरचीचा झटका. पोर्कला दोन्ही चालतात. ऑपेलूसस गावच्या टोनी सॅशरींची डबी १९७२ पासूनची, न्यू ऑर्लिन्सची झॅटरेन्स कंपनी १८८९ची. दोन्ही किराणा दुकानात सहज मिळतात.

आमच्या बाजूच्या लोकांसाठी एक गंमत. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चोरिसांच्या, म्हणजे पोर्क सॉसेजच्या, माळा टांगलेल्या असतात. लुईझियानात एक तिखट क्रिओल सॉसेज मिळतं, त्याचं नाव चोरीस. आपल्याकडचं पोर्तुगीजांकडून आलं, इथलं स्पॅनिशांकडून. मूळ घराणं एकच. मी पहिल्यांदा ती पाटी वाचली तेव्हा दुकानात उभ्या उभ्या हसलो होतो.

मिठाचा हिशेब

हा भाग घाईत वाचू नका.

हाडासकट मांसाच्या एका किलोला एकूण १० ग्रॅम मीठ धरा. साडेतीन किलोच्या तुकड्याला ३५ ग्रॅम. साधं बारीक मीठ चहाच्या चमच्यात साधारण ६ ग्रॅम बसतं, म्हणजे सहा चमचे सपाट. ऐकायला कमी वाटेल. पण धुरावर दहा-बारा तास राहिल्यावर मांसाचं वजन तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही जास्त घटतं. पाणी आणि चरबी जाते, मीठ बरंचसं तिथेच राहतं.

डबीचाच मसाला वापरणार असाल तर लेबलवर सोडियमचा आकडा बघा आणि त्याला अडीचने गुणा, की मीठ किती ते कळतं. समजा पाव चमच्यात ३०० मिलिग्रॅम सोडियम लिहिलं आहे. म्हणजे ७५० मिलिग्रॅम मीठ, म्हणजे पूर्ण चमच्यात ३ ग्रॅम. ३५ ग्रॅम मीठ हवं, तर साधारण पावणेबारा चमचे मसाला लागेल आणि वरून मीठ शून्य. तुमच्या डबीचा आकडा वेगळा असेल, गणित हेच.

मांसाचं लेबलही वाचा. बऱ्याच दुकानांत पोर्कमध्ये आधीच मीठपाण्याचं द्रावण टोचलेलं असतं, आणि "१२ टक्क्यांपर्यंत द्रावण" अशा धर्तीची ओळ बारीक अक्षरात छापलेली असते. असं मांस शक्यतो घेऊच नका. घेतलंच तर मीठ निम्म्यावर आणा.

मी आता डबी अंड्यांवर आणि मक्याच्या कणसावर भुरभुरायला ठेवली आहे. पोर्कसाठी बिनमिठाचं मिश्रण घरी करतो आणि मीठ वेगळं लावतो. तिखट वाढवायचं असेल तर खारटपणा न वाढवता वाढवता येतं, हा त्यातला मोठा फायदा. माप असं, साडेतीन किलोला पुरून थोडं उरेल इतकं:

पॅप्रिका ४ मोठे चमचे
लसूण पावडर २ मोठे चमचे
कांदा पावडर १ मोठा चमचा
ताजी कुटलेली काळी मिरी १ मोठा चमचा
केयेन २ लहान चमचे
थाइम २ लहान चमचे, ओरेगॅनो २ लहान चमचे
पांढरी मिरी १ लहान चमचा

पॅप्रिका संपली असेल तर काश्मिरी मिरचीची पूड चालते, मात्र ती थोडी तिखट असते, तेव्हा केयेन निम्मं करा. थाइम नसेल तर? थाइम आणि ओवा, दोघांचा वास थायमॉल नावाच्या एकाच द्रव्याचा. पण ओवा फार उग्र. चिमूटभर चुरडून घाला, दोन चमचे घातलात तर पोर्कला भज्यांचा वास येईल. मी एकदा केलं आहे. वाईट नव्हतं, पण ते क्रिओल नव्हतं.

साखर? टेनेसी, कॅन्सस सिटीकडच्या चोळायच्या मसाल्यांत ब्राऊन शुगर असते. क्रिओल मसाल्यात ती सहसा नसते, आणि मला ती इथे नकोशीच वाटते. तुम्हाला गडद, किंचित गोडसर साल (मांसावरचा मसाल्याचा कडक झालेला थर) आवडत असेल तर एक-दोन मोठे चमचे मिसळा. आपल्या मंद आचेला ती जळणार नाही.

कुठला तुकडा

खांदा. इथे त्याला बॉस्टन बट म्हणतात. नावात 'बट' असलं तरी तुकडा पुढच्या पायाच्या वरच्या भागाचा. हाडासकट साडेतीन ते चार किलोचा घ्या. चरबी आणि चिवट धागे भरपूर असल्यामुळे तो चुका पोटात घालतो. तापमान तासभर वरखाली झालं तरी चालून जातं. टेंडरलॉइनसारखा कोरडा, बारीक तुकडा पहिल्या वेळी घेऊ नका, त्याची सगळी रीतच वेगळी आहे आणि पाच मिनिटांच्या दुर्लक्षाने त्याचा भुसा होतो.

आदल्या रात्री

मांस कागदी फडक्याने कोरडं पुसा. एका बाजूला चरबीचा जाड पांढरा थर असेल, तो अर्ध्या सेंटिमीटरवर आणा. चरबीतून ना मीठ आत जातं ना धूर, आणि एवढा थर पूर्ण विरघळतही नाही. मोजून घेतलेलं मीठ सगळीकडून लावा, खाचांत, हाडाच्या कडेला. जाळीवर ठेवून, न झाकता, फ्रीजमध्ये रात्रभर. सकाळपर्यंत वरचं पाणी आत ओढलं जातं आणि पृष्ठभाग चिकटसर, सुकलेला दिसतो. मीठ हळूहळू आत शिरतं. लसूण, मिरी, पॅप्रिका वरच राहतात, कितीही वेळ ठेवलं तरी. म्हणून 'मसाला मुरू दे' म्हणून दोन दिवस थांबण्यात अर्थ नाही, मुरतं ते मीठच.

डबीचा मसाला असेल तर तोच रात्री लावायचा, कारण मीठ त्यातच आहे.

आणि मसाला आधी वाटीत काढून घ्या. कच्च्या मांसाचा हात परत डबीत गेला की ती डबी फेकायची.

सकाळी

बिनमिठाचं मिश्रण विस्तव पेटवायच्या सुमारास लावा. मांस ओलसर असेल तर तसंच चिकटतं. लोक आधी पिवळ्या मोहरीच्या सॉसचा हात फिरवतात. चव शिजताना जवळजवळ नाहीशी होते, फक्त पूड धरून ठेवायला बरं. अशा मसाल्याला इंग्रजीत 'रब' म्हणजे चोळणं म्हणत असले तरी रगडू नका. वरून पाडायचं आणि तळव्याने हलकं दाबायचं, नाहीतर अर्धा मसाला हातालाच लागतो. मांस दिसेनासं झालं की पुरे. तुकडा फिरवून बघा, खालची बाजू हमखास विसरते.

विस्तव

पेलेट स्मोकर (लाकडाच्या गोळ्यांवर चालणारी धुराची भट्टी) असेल तर ११० ते १२० अंश सेल्सिअस लावा (फॅरनहाइटमध्ये २२५ ते २५०) आणि पुढच्या भागावर जा.

साधी गोल झाकणाची केटल ग्रिल असेल तर तीही उत्तम. कोळशाच्या ब्रिकेट (दाबून केलेल्या वड्या) आतल्या कडेने सापासारख्या मांडा: दोन शेजारी शेजारी, त्यांच्यावर आणखी दोन, असा अर्ध्याहून थोडा जास्त गोल. त्यावर अंतराअंतराने लाकडाचे मुठीएवढे चार-पाच तुकडे. मधल्या मोकळ्या जागेत पाण्याचं पातेलं. आठ-दहा ब्रिकेट वेगळ्या पेटवून राखाडी झाल्या की सापाच्या एका टोकाला ठेवा, विस्तव तिथून पुढे सरकत जातो. झाकणावरची भोकं पूर्ण उघडी, खालची थोडीशी. तापमान खालच्या भोकांनीच सांभाळायचं. बदल केलात की पंधरा मिनिटं थांबा, लगेच दुसरा बदल करू नका. सात-आठ तासांनी साप संपत आला की पुढे आणखी ब्रिकेट जोडा.

लाकूड पेकनचं. इथे ते झाड परसातलंच, आणि त्याचा धूर हिकरीपेक्षा सौम्य. ओक, सफरचंदही चालतं. लाकूड पाण्यात भिजवू नका. भिजलेलं आधी वाफ सोडतं आणि मग धुमसतं. सुरुवातीला पांढरा, गलेलठ्ठ धूर येईल, तेव्हा मांस आत ठेवायचं नाही. तो धूर कडू. शेजारच्या घरात सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ आहेत, त्यांनी मला पहिल्या वर्षी कुंपणावरून सांगितलं होतं की धूर दिसेनासा झाला आणि वास येत राहिला की मग लाव. निळसर, विरळ, ऊन असेल तरच दिसणारा. आजही मी तेच बघतो.

अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर आधी भाडेकरार वाचा. बाल्कनीत कोळसा पेटवायला बऱ्याच ठिकाणी सक्त मनाई असते.

बारा तास

मांसाच्या जाड भागात, हाडाला न टेकता, थर्मामीटरची सळई खुपसा. हा खर्च टाळू नका. झाकणावरचा काटा वरची हवा सांगतो, मांसाचं पोट नाही.

पहिले तीन-चार तास झाकण उघडायचं नाही. नंतर वरचा मसाला घट्ट झाला की तासाने एकदा सफरचंदाचं व्हिनेगर आणि पाणी समसमान करून फवारा. आधी फवारलंत तर मसाला ओघळून खाली जातो, मग तांबड्या पट्ट्यांचं मांस मिळतं.

मांसाचं तापमान ६५-७० अंशांपर्यंत बरं चढतं आणि मग थांबतं. दोन तास, तीन तास, कधी जास्त. नवशिके इथे घाबरतात, कोळसा वाढवतात, कुणी थर्मामीटर बिघडला म्हणून नवा मागवतं. बिघडलेलं काही नसतं. मांसातून पाणी वर येऊन उडतंय आणि उडताना थंडावा देतंय, माठातलं पाणी गार राहतं त्याच कारणाने. उष्णता जितकी आत येते तितकी बाष्पात जाते.

यावर दोन मार्ग. एक, वाट बघा. दोन, गुंडाळा. मी गुंडाळतो, पण साल बघून. बोटाच्या नखाने वरची काळपट लाल साल खरवडून बघा. मसाला नखाला आला तर अजून वेळ आहे. निघाला नाही, कडक लागला, की बिनमेणाच्या तांबूस बुचर पेपरमध्ये घट्ट गुंडाळून परत आत. अॅल्युमिनियम फॉइलने काम लवकर होतं पण साल मऊ पडते, आणि एवढा खटाटोप त्या सालीसाठीच तर केला. लसूण, पॅप्रिका, मिरी, धूर आणि चरबी यांचं तिथे जे होतं ते मांसाच्या आतल्या कुठल्याही भागात नसतं.

अमेरिकी सरकारच्या सूचनेनुसार पोर्कचा अखंड तुकडा ६३ अंशांना, तीन मिनिटं ठेवल्यावर, खायला सुरक्षित असतो. पण खांदा ६३ला चपलेसारखा लागतो. त्यातले चिवट धागे वितळून मऊ व्हायला ९० ते ९६ लागतात. ९३च्या आसपास सळई वेगवेगळ्या ठिकाणी खुपसून बघा, लोण्यात जावी तशी गेली पाहिजे. एका जागी अडकली तर अर्धा तास आणखी. आकडा फक्त कधी तपासायचं ते सांगतो.

साडेतीन किलोला दहा ते चौदा तास धरा. संध्याकाळी सातला पाहुणे असतील तर पहाटे चारला उठा. लवकर झालं तर अडचण नाही: कागदासकट जुन्या टॉवेलात गुंडाळून बर्फाच्या रिकाम्या कूलर पेटीत ठेवा. दोन-तीन तास गरम राहतं. तसंही किमान एक तास ते मुरायला हवंच. फक्त आतलं तापमान ६० अंशांखाली जाऊ देऊ नका.

सोडवताना

परातीत घ्या, कागदातला रस टाकू नका. खांद्याचं पसरट हाड धरून ओढा. नीट झालं असेल तर ते कोरडं, स्वच्छ हातात येतं. मांस हाताने सोडवा, मोठे मोठे धागे ठेवा, अगदी भुगा नको. साल बारीक तोडून सगळीकडे मिसळा, म्हणजे प्रत्येक घासात तिचा वाटा येईल. रसावरची चरबी काढून उरलेला रस परत ओता. मग चव घ्या. काही कमी वाटलं तर आधी चमचाभर व्हिनेगर घाला, मग चिमूटभर बिनमिठाचं मिश्रण, आणि मीठ अगदी शेवटी. बहुतेक वेळा व्हिनेगरवरच काम भागतं.

इथे ते लांब फ्रेंच पावात भरतात, बरोबर कोबीची कोशिंबीर. आमच्याकडे लादी पाव मिळाला तर तो, नाहीतर तांदळाची भाकरी. गोड बार्बेक्यू सॉस मी टेबलावर ठेवत नाही, कुणी मागितला तर देतो.

उरलेलं दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, तीन-चार दिवस टिकतं. आणि हाड जपून ठेवा. न्यू ऑर्लिन्सला सोमवारी रेड बीन्स आणि भात करायची जुनी रीत आहे. सोमवार धुण्याचा दिवस, बीन्स मागच्या चुलीवर आपले आपण रटरटत राहायचे. रात्रभर भिजवलेला राजमा आधी दहा मिनिटं खळखळून उकळून घ्या, मग कांदा, सेलरी, ढोबळी मिरची परतून त्यात ते हाड आणि मूठभर उरलेलं मांस घालून मंद आचेवर दोन-तीन तास. मीठ अजिबात घालू नका. उतरवायच्या आधी चव घेऊन ठरवा, कारण हाडाला चिकटलेल्या सालीतून तोवर बरंचसं त्यात उतरलेलं असतं.